डब्यातल्या चवळीचं सत्त्व आणि गिरिजाबाई

संध्याकाळची वंदना झाली की मी वही घेऊन बसते आणि दिवसाच्या दोन ओळी लिहिते. भाजी काय केली, कोण येऊन गेलं, विहारात आज काय वाचलं. पण शेजारच्या गिरिजाबाईंनी काही उद्योग केला असेल तर दोन ओळींत भागत नाही. आज तर पानं पुरतात की नाही, शंका आहे.

गिरिजाबाई अंगानं लहान, आवाजानं मोठ्या. आमचं शहागड हायवेवरचं. ट्रक हॉर्न वाजवत निघाला की बाकीच्या बायका बोलता बोलता थांबतात. गिरिजाबाई थांबत नाहीत. शेवटी ट्रकच निघून जातो.

माहेर तीर्थपुरीचं. लग्न होऊन इथं आल्या तेव्हा रामकिसनदादा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात कामाला होते. दादांची पाळी बदलायची, जेवणाची वेळ बदलायची, पण डबा गिरिजाबाईंच्याच हातचा. ज्वारीची भाकरी, कोरडी चटणी आणि बरणीत येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी. दिवसभर साखरेच्या वासात राहून माणसाला तिखट लागतं, असं त्यांचं म्हणणं. आता दादा रिटायर झाले, तरी त्यांचं ताट दुसऱ्या कोणी वाढलेलं गिरिजाबाईंना चालत नाही. मिथुन, त्यांचा मुलगा, एकदा आपणहून बापाला भाकरी वाढायला गेला तर म्हणाल्या, "ठेव ती. मी अजून जित्ती हाय."

या बाईचा एक पक्का सिद्धांत आहे. सगळं सत्त्व पाण्यात असतं. डाळ शिजवली की वरचं पाणी, म्हणजे येळवणी, त्या कधी फेकत नाहीत. भाताची पेज फेकत नाहीत. शेंगा उकडलेलं पाणीसुद्धा मीठ-जिरं टाकून पितात. मिथुन लहानपणी तापानं पार वाळून गेला होता. पोटात काही ठरत नव्हतं. तेव्हा गिरिजाबाईंनी त्याला नुसत्या मुगाच्या पाण्यावर उभं केलं. तेव्हापासून डॉक्टर, मास्तर, कोणीही येवो, पाण्याच्या बाबतीत त्या ऐकून घेत नाहीत. "दाणा म्हंजी नुसतं टरफल," त्या म्हणतात, "जीव खाली पाण्यात उतरलेला ऱ्हातो."

मधल्या काळात दादांचं बीपी वाढलं. आरोग्य खात्याच्या आमच्या आशाताई, बेबीनंदा, दंडाला पट्टा बांधून मोजून गेल्या आणि सांगून गेल्या, मीठ कमी करा, कडधान्य वाढवा. गिरिजाबाईंनी मान हलवली. मीठ मात्र हातानं पडायचं तेवढंच पडत राहिलं. त्यांचा हात चमचा ओळखत नाही. आणि रांधताना चाखायचं नाही, ही त्यांची जुनी ऐट. "चाखून मीठ घालती, ती काय रांधणारीण!"

मग आली खोक्याची भानगड.

मिथुन टेम्पो चालवतो. जालन्याहून हायवेवरच्या हॉटेलांना माल पोचवतो. एका नव्या फॅमिली रेस्टॉरंटनं डबाबंद भाज्या मागवल्या होत्या, पण ते रेस्टॉरंट उघडायच्या आधीच बंद पडलं. मालकानं एक खोकं मिथुनला देऊन टाकलं. त्यात मटार, गाजर, मक्याचे दाणे, राजमा आणि शिजवलेल्या चवळीचे डबे. मिथुनची बायको भावना हरखली. ती इंग्रजी शाळेत लहान मुलांना शिकवते, नऊला घर सोडते. शिजवलेलीच चवळी मिळाली तर तिला सोनंच.

गिरिजाबाईंनी मटारचा डबा उघडून आत पाहिलं.

"किती हिरवेगार हायत! कवा भरले म्हणं हे?"

"मागच्या साली, आत्याबाई." सून सासूला आत्याबाई म्हणते, सासऱ्याला मामा.

"साल झालं कोंडून, अन् त्वांड एवढं टवटवीत? मला न्हाई भरवसा."

"तुमच्या गवारीच्या वाळलेल्या शेंगा कवाच्या हायत मंग? त्या बी उन्हाळ्यातल्याच न?"

"त्या उन्हात मोकळ्या बसल्या व्हत्या. ह्यांच्यासारख्या कैदेत न्हाई."

इथून जे सुरू झालं ते आठवडाभर चाललं. भावनानं मोबाइल काढून शोधलं आणि सांगितलं, डब्यातल्या कडधान्याचं पोषण काही उडून जात नाही. प्रथिनं, चोथा जवळजवळ घरच्याएवढाच; मीठ तेवढं जास्त. काही जीवनसत्त्वं शिजवताना कमी होतात, ती घरी शिजवलं तरी होतातच. उन्हात वाळवलेल्या भाजीचं तर त्याहून जास्त जातं. गिरिजाबाईंना हे शेवटचं वाक्य लागलं. उन्हाविरुद्ध त्यांनी आजवर कोणाला बोलू दिलं नव्हतं.

त्यांनी मिथुनला धरलं. "तू वाच रे. माझ्या चवळीत किती अन् हिच्या डब्यात किती?"

मिथुननं मोबाइलवर वाळलेली चवळी पाहिली, मग डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं. "माय, तुझ्या चवळीत शंभर ग्रॅमला चोवीसच्या आसपास प्रथिनं. डब्यात सात."

बस. चोवीस आणि सात. गल्लीत एक घर राहिलं नाही जिथं हा निकाल गेला नाही. इमामबी पिठाच्या गिरणीत भेटल्या तर त्यांनाही गिरिजाबाईंनी थांबवून सांगितलं. इमामबी म्हणाल्या, "बराबर हाय बाई, डब्बे का क्या भरोसा." त्यामुळे चोवीसला साक्षीदारही मिळाला.

दुसऱ्या दिवशी भावनानं सासूची एक वाटी कोरडी चवळी भिजवली, शिजवली आणि मोजून दाखवली. एका वाटीच्या जवळपास तीन वाट्या झाल्या.

"हे बघा आत्याबाई. ते चोवीस कोरड्याचे व्हते. आता तेच ह्या तिन्ही वाट्यांत वाटून गेले. एकीला किती आले? डब्यातली आधीच भिजून फुगलेली हाय. सारखंच झालं."

गिरिजाबाईंनी तिन्ही वाट्यांकडं नीट पाहिलं. "मंग वाटायचं कशाला? तिन्ही तुझ्या सासऱ्याला खाऊ घाल. चोवीसचे चोवीस पोटात."

हसता हसता भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मग तिनं जे बोलायचं ते बोलूनच टाकलं. "हसण्यावारी नेऊ नका. मामांचं बीपी खाली येईना. तुमचा हात मिठावर थांबत न्हाई. आजपून मामांचं ताट मी वाढते."

त्यांच्याच ओट्यावर मी मेथी निवडत होते. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. गिरिजाबाईंचा चेहरा मी इतकी वर्षं पाहते. राग पाहिला, रडू पाहिलं, पण हा नवाच होता. कोणी हातातलं पोर काढून घ्यावं तसा. दोन ट्रक हॉर्न वाजवत गेले, ते दोन्ही आम्हांला नीट ऐकू आले.

मग म्हणाल्या, "असं ताट न्हाई द्यायची मी. रांधू दोघी बी. तू तुझ्या डब्यातली, मी माझी. येसर एकाच बरणीतला. ह्यांना सांगायचं न्हाई कोणती कोणाची. जिची रोज खाईन म्हणतील, ताट तिचं."

"मीठ कमी पाह्यजे पण."

"माझं कमीच ऱ्हाईल. बघशील."

पंच म्हणून बेबीनंदाला बोलवायचं ठरलं. भावनाला सुट्टी रविवारी, आणि रविवारी नेमकी पौर्णिमा. वर्षावासातली पौर्णिमा म्हणजे आम्हां उपासिकांचा उपोसथ. पांढरी साडी, सकाळीच विहारात जाऊन शील घ्यायचं, बाराच्या आत एकदाच जेवायचं. मला वाटलं होतं, निदान या दिवशी तरी बाई सरळ वागतील.

विहारातून परत आल्यावर मी त्यांच्याकडं फुलं द्यायला गेले. घरात सामसूम. भावना चवळीचे तीन डबे उघडून, वर ताटली झाकून, बेबीनंदाला आणायला गेली होती. मिथुन टेम्पो धूत होता. दादा अंघोळीला. आणि गिरिजाबाई पांढऱ्या साडीचा पदर खोचून, डबा तिरका धरून, त्यातलं दाट पाणी आपल्या चवळीच्या पातेल्यात सोडत होत्या. बोटांची चाळणी केलेली. दाणा एक पडू देत नव्हत्या.

"अगं बाई, हे काय करून राह्यल्या?"

"हळू. सत्त्व काढून घेऊन राह्यले."

"गिरिजाबाई! न दिलेलं घ्यायचं न्हाई, असं आत्ता तासाभरापूर्वी हात जोडून म्हणलो आपण."

"दाणे कुठं घेतले? दाणे तिचे तिला. पाण्याचं तर ती नाव बी काढत न्हाई. दिवसभर नुसती दाण्यातलं मोजती."

"आणि कोणी इचारलं तर? खोटं बोलायचं न्हाई."

त्यांनी क्षणभर विचार केला. "बोललंच न्हाई तर खोटं कसं होईल? मी आज मौन धरते."

मग त्यांनी माठातलं पाणी डब्यात घातलं, बोटानं हलवलं, ते धुवणही आपल्या पातेल्यात ओतलं. म्हणे, सत्त्व दाण्याला चिकटून राहतं. असं प्रत्येक डब्याचं दोनदा केलं. शेवटी तिन्ही डब्यांत साधं पाणी काठोकाठ भरून वर ताटली झाकली आणि ओठांवर बोट ठेवलं. माझी आज काय गत होणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. मला जर कोणी सरळ विचारलं, तर मी सांगणार होते. म्हणून मी कोणाशी बोलणंच टाळायचं, खाली बघून तांदूळ निवडायचे, असं ठरवलं. तांदूळ निवडलेलेच होते, तरी निवडले.

भावना बेबीनंदाला घेऊन आली. तिनं फोडणी केली, येसर टाकला आणि डबे पाण्यासकट उपडे केले. "हे पाणी बी टाकायचं," ती बेबीनंदाला सांगत होती, "दाण्यातली काही जीवनसत्त्वं त्यात उतरलेली ऱ्हातात." गिरिजाबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू सून आता कुठं मार्गाला लागली. "अन् डब्यात मीठ असतंच, म्हणून मी वरून टाकत न्हाई." तिनं टाकलं नाही. गिरिजाबाईंनी आपल्या पातेल्यात नेहमीच्या अर्धंच टाकलं. खरंच अर्धं. मी डोळ्यानं पाहिलं. चाखलं अर्थातच नाही.

तोवर बाईंचं मौन घरभर कळलं होतं. मिथुन दारातून म्हणाला, "माय, बरी हायस न?" मान हलली. दादा अंघोळ करून आले, म्हणाले, "गिरिजा, टॉवेल?" बोटानं दोरी दाखवली. दादा घाबरले. बेबीनंदाला हळूच म्हणाले, "हिचं बी बीपी बघा जरा."

दोन सारख्या वाट्या. मिथुननं आत जाऊन भरल्या आणि दादांपुढं ठेवल्या. दादांना कोणती कोणाची ते माहीत नाही, पण एवढं माहीत होतं की त्यांच्या जेवणाची गाडी आज कोणाच्या तरी दारात थांबणार आहे. चाळीस वर्षांच्या संसारात अशी परीक्षा त्यांनी दिली नव्हती. भाकरी मोडली. पहिल्या वाटीत घास बुडवला. तोंडात घातला. चेहरा आवळला. पाण्याचा गडवा उचलला आणि अर्धा संपवला.

दुसरी वाटी. घास. थांबले. पुन्हा घास. मग चेहऱ्यावर असं काही हसू आलं की गिरिजाबाईंनी पदर सावरला.

"ही दुसरी," दादा म्हणाले. "रोज खाईन म्हणलं तर ही."

"का दादा? नीट सांगा," बेबीनंदा म्हणाल्या.

"मीठ बेताचं. दाणा लोण्यासारखा. आता मला काय कळत न्हाई व्हय? आठवडाभर ऐकून राह्यलो, डब्यात लई मीठ असतं म्हणून. ही पह्यली म्हंजी डब्यातली. खारट ढाण! अन् ही दुसरी माझ्या घरची. एवढी वर्सं खातो, गिरिजाचा हात वळखत न्हाई का मी?" मग सुनेकडं वळून, "भावना, बाई, राग धरू नको. पण ते डब्यातलं मला देऊ नको."

मिथुन भिंतीला टेकला. त्याला हसू आवरेना. "दादा... पह्यली मायची व्हती."

दादांनी एकदा पहिल्या वाटीकडं पाहिलं, एकदा दुसरीकडं, आणि बायकोकडं पाहायची काही त्यांची छाती झाली नाही.

भावनानं खरं तर जिंकल्याचा आनंद करायचा. पण पोरगी हुशार. तिनं दोन्ही पातेल्यांतला थेंब थेंब जिभेला लावला. पुन्हा लावला.

"माझ्यात मीठच न्हाई. अन् आत्याबाई, तुमच्यात डब्याची चव कशी काय?" मग ती माझ्याकडं वळली. "काकू, मी बाहेर गेल्ते तवा तुम्ही इथं आल्त्या न?"

मी तांदळाचं सूप खाली ठेवलं. तोंड उघडलं.

"तिला नको इचारू," गिरिजाबाई म्हणाल्या. मौन सुटलं. "तिचं शील तरी धड ऱ्हाऊ दे. मी घेतलं."

"काय घेतलं?"

"तुझ्या डब्याचं सत्त्व. तिन्ही डब्यांचं. धुवून बी घेतलं."

भावना सासूकडं बघतच राहिली. मग खाली बसली आणि असं हसायला लागली की बेबीनंदाही हसत सुटल्या. "आत्याबाई, सत्त्व न्हाई वो, त्या पाण्यात मीठ ऱ्हातं! मला त्यातली जीवनसत्त्वं तेवढी दिसली, डब्याचं सारं मीठ बी तिथंच ऱ्हातं, ते ध्यानातच आलं न्हाई. मी तर डब्बे तसेच उपडे करणार व्हते. तुम्ही धुतले नसते तर माझीच वाटी खारट झाली असती. मीच हरले असते!"

"म्हंजी," मिथुन म्हणाला, "मायनं भावनाची चवळी धुवून भावनाला जिंकवलं."

"अन् दादांनी मायची म्हणून भावनाची निवडली," बेबीनंदा म्हणाल्या. "वळखलं हो हात!"

दादा पुटपुटले, "मी तर गिरिजाचीच म्हणून..."

"तुम्ही बोलू नका," गिरिजाबाई म्हणाल्या. "एवढी वर्सं खाऊ घातलं, त्याचा ह्यो निकाल."

हसणं ओसरलं. गिरिजाबाई उठल्या. आमटीची पळी फडक्यानं पुसली आणि सुनेपुढं धरली. दांडा अजून मुठीत घट्ट, पण आवाज नेहमीचा. "बोलले ते बोलले. घे. भाकरी तव्यावरून थेट ताटात पाह्यजे ह्यांना. गार झाली की बोट लावत न्हाईत, अन् उपाशी उठतात पण सांगत न्हाईत. कांदा बुक्कीनं फोडलेला. इळीवर चिरला की उगीच त्वांड वाकडं करतात. ऱ्हातंच ध्यानात हळूहळू."

भावना पळी घेईना. तिनं सासूच्या हाताकडं पाहिलं.

"मी नऊला जाते आत्याबाई. गरम भाकरी मी कुठून देऊ? ताट तुम्हीच वाढा." आणि गिरिजाबाईंचा चेहरा उजळायच्या आत तिनं फडताळातून मिठाचा डबा काढून काखेत धरला. "पण ह्यो माझ्याकडं. सकाळी दिवसभराचं मोजून वाटीत ठेवून जाईन. डब्यातली चवळी घातली तर आधी धुवून. येळवणी तुम्हांला पाह्यजे तेवढी, पण तुमच्याच चवळीची."

गिरिजाबाईंनी बेबीनंदाकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली. माझ्याकडं पाहिलं. मीही डोलावली.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण मटार मी खायची न्हाई. ते अजून बी मला जित्ते वाटतात."

बारा वाजायला आले होते. आम्हां दोघींचा उपोसथ, म्हणून पंगत लगेच बसली. दोन्ही पातेल्यांतलं एकत्र करून, पाणी वाढवून, पुन्हा उकळी आणली. गिरिजाबाईंनी तव्यावरची भाकरी थेट दादांच्या ताटात टाकली, बुक्कीनं कांदा फोडला आणि वाटी भरली.

दादांनी घास घेतला. जरा चघळला. "गिरिजा, चिमूटभर मीठ दे गं."

"सुनेला इचारा."

दादा भावनाकडं वळले. तिच्या मांडीवर डबा होता, झाकणावर हात.

"आत्याबाईंना इचारा, मामा."

दादांनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. मग कांद्याची पाकळी तोंडात टाकली आणि मिथुनला म्हणाले, "ह्या भांडून राह्यल्या व्हत्या तवाच बरं व्हतं."